भांडी मोजून घ्या

किल्ली देताना पडवळ म्हणाला, भांडी मोजून घ्या.
दोन पातेली, कान तुटलेली एक कढई,
चार ताटं, चार वाट्या, चमचे सहा,
गॅस अर्धा भरलेला.
इथं जेवण मिळत नाही, ताई,
ज्याचं त्यानं करून खायचं.

मालन माझ्याकडं बघून हसली.
राजारामपुरीत आठव्या गल्लीच्या तोंडाला
ती बावीस वर्षं, मी एकतीस,
रोज साठ जणांचं शिजवतोय.
चार दिवस शटर ओढून सुट्टीला आलो,
तर हे.

बुकिंग भाचीनं केलेलं, फोनवरनं.
मावशी, समुद्राकडचं घर आहे, म्हणाली.
समुद्र कुठला, गगनबावडा हे.
कोल्हापूर जिल्हा इथं कड्यावर येऊन थांबतो,
खाली कोकण,
आणि समुद्र पडवळच्या बोटाच्या टोकाला:
ती पांढरी रेघ दिसते का? आभाळ निवळलं की दिसते.
मालनला दिसली. मला नाही.
ती खोटं बोलली,
का माझा मोतीबिंदू, कोण जाणे.

पहिल्या संध्याकाळी मी भात टाकला.
पोत्यात बुडायची सवय असलेला हात,
त्यानं किलोची पिशवी निम्मी केली.
भात फुगला, झाकण उचलून
आमच्याकडं बघाय लागला.
पडवळला दिला, त्याच्या कुत्र्याला दिला,
रस्त्यावर खडी टाकणाऱ्या पोरांना दिला,
तरी सकाळी फोडणीला उरलाच.

दोघींना किती लागतंय गं? मालननं विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं.
लग्न झालं त्याच वर्षी खानावळ काढली.
नवरा गल्ल्यापाशी उभ्यानं जेवायचा,
एका हातात ताट, दुसऱ्या हातानं सुटे पैसे.
दोघांपुरतं म्हणून मी कधी
काही चुलीवर ठेवलं नाही.
तो गेला त्या दिवशीही डबे गेले.
आमटीत मीठ नव्हतं म्हणे.
साठातल्या एकानंही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला
दोघींच्याही माना दाराकडं वळल्या,
डबेवाला पोरगा यायची वेळ.
आला गफूर, घाट चढून, धापा टाकणारी लूना
आणि मागं बर्फाची पेटी.
बांगडा घ्या, पहाटेचा आहे. किती देऊ?
आठ किलो, जिभेवर आलेलं.
मालननं दोन बोटं वर केली.
दोन किलो?
दोन मासे.
गफूर बघत राहिला, मग तिसरा टाकला,
मांजराला, म्हणाला.
मांजर नव्हतं.

कढई फडक्यानं धरली.
आमसूल पडवळच्या बायकोनं दिलं,
कांदा-लसूण चटणी आमचीच, बरणीतली.
साठ जणांच्या तळणाचा आवाज म्हणजे नुसता गलका,
कोण काय बोलतंय कळत नाही.
एकटा मासा मात्र सगळं सांगतो:
आता उलथा, आता नको, आता.
मी गॅसपाशी वाकून ऐकत राहिले.
मालन म्हणाली, ताट वाढू का, का तिथंच बसतेस?

मग आम्ही बसून जेवलो.
ओट्याला टेकून नाही, उरलंसुरलं नाही.
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले
आणि तिसऱ्या माशावरनं भांडलो.

सपाट दीड वाटी तांदूळ,
तीन वाट्या पाणी, मीठ चिमटीनं.
चौथ्या दिवशी कुठं हे जमलं,
म्हणजे निघायच्या दिवशी.

पडवळनं भांडी मोजली.
वाट्या तीनच.
फुटली एक, मी म्हणाले.
स्टीलची? तो म्हणाला.
मालन बाहेर जाऊन
एसटी आली का बघाय लागली.
चाळीस रुपये घेतले त्यानं, पावतीसुद्धा दिली.

कळ्यापर्यंत दोघीही बोललो नाही.
मग मालननं पिशवीतनं वाटी काढली,
नाकाला लावली, माझ्याकडं दिली.
बांगड्याचा वास येत होता.
सोमवारचे वाटाणे भिजत घालायचे राहिलेत,
ती म्हणाली.